आंबोली, जूनअखेर: मॅक्रो लेन्स, फ्लॅश आणि चार दिवसांचा पाऊस

दिवस पहिला, सोमवार

पावसातले बेडूक आणि साप कॅमेऱ्यात टिपायला आंबोलीला निघालो होतो. पायथ्याची दाणोली मागे पडली की घाट लागतो. इथेच गाडीचा एसी बंद करून काचा खाली करायच्या. गार गाडीतून कॅमेरा एकदम आंबोलीच्या दमट हवेत काढला की लेन्सच्या पुढच्या काचेवर बाष्प धरतं, कधी कधी आतल्या काचांवरही. बाहेरचं बाष्प एक वेळ पुसता येतं, आतलं आपोआप जाण्याची वाट बघावी लागते आणि त्यात अर्धा-पाऊण तास सहज जातो. काचा उघड्या असल्या की वर पोचेपर्यंत बॅग बाहेरच्या हवेला सरावलेली असते.

सोमवार मुद्दाम धरला होता. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी मुख्य धबधब्यापाशी गाड्यांची रांग लागते आणि घाटरस्त्याच्या कडेचे बेडूक चाकांखाली जातात ते वेगळंच. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर. वर्षाचा पाऊस सात हजार मिलिमीटरच्या घरात. हा आकडा घरात शिरल्यावर समजतो: दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, काडेपेटी पेटत नाही, मिठाला पाणी सुटलेलं असतं. मुक्काम एका घरगुती निवासात होता. काकूंनी दारातच बूट काढायला लावले आणि चुलीजवळची लाकडी फळी दाखवली. पुढचे चार दिवस बूट, मोजे, फ्लॅशचे पट्टे, सगळं त्याच फळीवर सुकत राहिलं. रात्री नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी आणि गरम भात होता.

जेवण उरकून साडेआठला बाहेर. बरोबर गावातला एक वाटाड्या. आंबोलीत रात्री स्थानिक माणसाशिवाय फिरू नये. वाट चुकण्याची भीती आहेच, शिवाय कुठल्या झुडपात कोण बसलंय हे त्यालाच दिसतं. टॉर्च मंद ठेवून तो छातीच्या उंचीच्या पानांकडे बघत चालतो. पहिल्या वीस मिनिटांतच थांबला. कारवीच्या शेंड्यावर हरणटोळ वेटोळं करून झोपला होता. हा साप दिवसा शिकार करतो आणि रात्री असा फांदीच्या टोकावर झोपतो. सापाला पापण्या नसतात, त्यामुळे झोपेतही डोळा उघडाच. बाहुली आडवी, किल्लीच्या भोकासारखी. दोन फ्लॅश दिले आणि पुढे निघालो. झोपलेल्या प्राण्यावर दोनाच्या वर फ्लॅश देऊ नयेत.

इथे यंत्रसामग्रीबद्दल लिहिणं भाग आहे, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ९० ते १०५ मिलिमीटरची मॅक्रो (बारीक गोष्टी अगदी जवळून टिपणारी) लेन्स, एक फ्लॅश कॅमेऱ्यावर, दुसरा सुटा, आणि तो सुटा फ्लॅश उडवायला रेडिओ ट्रिगर. रात्रीची सुरुवात करायला शटर १/२००, ॲपर्चर एफ/११, आयएसओ २०० ते ४००, फ्लॅश मॅन्युअलवर १/८, म्हणजे पूर्ण शक्तीच्या आठव्या भागावर. एफ/११च का? फुल फ्रेम कॅमेऱ्यावर १:१ ला (म्हणजे वस्तू सेन्सरवर आहे तेवढीच उमटते तेव्हा) एफ/११ ठेवलं तरी जेमतेम सव्वा मिलिमीटर खोली स्पष्ट येते, १:२ ला चारेक मिलिमीटर. ॲपर्चर आणखी बारीक करण्याचा मोह होतो, पण १:१ ला एफ/११ म्हणजे प्रत्यक्षात एफ/२२ इतका बारीक झालेला असतो, त्यापुढे विवर्तनामुळे (बारीक भोकातून जाताना उजेड पसरल्यामुळे) सगळाच फोटो मऊ पडतो. त्यापेक्षा अर्धी पावलं मागे सरून १:२ वर या आणि नंतर कातरा.

डिफ्यूझर, म्हणजे फ्लॅशचा उजेड पसरवून मऊ करणारा पडदा, नसेल तर बेडकाचा फोटो काढूच नका. बेडकाची कातडी ओली असते. उघड्या फ्लॅशचे पांढरे ठिपके तिच्यावर उमटतात आणि डोळ्यात एक टाचणीएवढा पांढरा टिंब बसतो. पांढऱ्या पातळ फोमची शीट वाकवून लेन्सच्या टोकापर्यंत आणली आणि आत ट्रेसिंग पेपरचा एक थर लावला की डोळ्यात मोठी, मऊ खिडकी दिसते. डिफ्यूझर विषयाच्या जितका जवळ, तितका उजेड मऊ. पावसात कागद लोळागोळा होतो म्हणून त्याला पारदर्शक चिकटपट्टीने मढवून न्यावं.

पहिल्या रात्रीची फ्रेम मात्र यातलं काही न वापरता आली. आळूच्या मोठ्या पानावर एक छोटा बेडूक बसला होता. पुढून फ्लॅश मारला की हिरवा बेडूक, हिरवं पान, मागे काळोख, म्हणजे हजारो लोकांकडे असलेला फोटो. पुढचा फ्लॅश बंद केला. वाटाड्याने पानामागून टॉर्च धरला, हातभर अंतरावर, जरा खालून. पान पेटल्यासारखं उजळलं, शिरांचं सगळं जाळं दिसू लागलं, आणि त्यावर चार बोटं पसरलेली बेडकाची काळी सावली. एफ/५.६, १/६०, आयएसओ ८००. दिवसा उजेड जसा असेल तसा घ्यावा लागतो. रात्री तो कुठून यायचा हे आपल्याला ठरवता येतं, आणि तीच या चार दिवसांची खरी मजा होती.

दिवस दुसरा, मंगळवार

सकाळपासून एकसारखा पाऊस. चहाच्या टपरीवरच्या मावशींनी कॅमेऱ्यावरची प्लास्टिकची पिशवी बघून विचारलं, "काय गावला?" हरणटोळ म्हटल्यावर त्यांनी कांदाभजीचा घाणा बाजूला ठेवून स्क्रीनवर फोटो बघितला आणि तो डोळ्यावर चोच मारतो असं काही नसतं, हे त्यांनीच आम्हाला सांगितलं. गावात वर्षानुवर्षं अभ्यासक येत राहिल्याने इथल्या माणसांचं सापा-बेडकांविषयीचं ज्ञान पक्कं झालंय.

पिशवीबद्दल: महागडं रेनकव्हर नको. जाड प्लास्टिकची पिशवी, तळाला लेन्सच्या व्यासाचं भोक, त्याला रबरबँड, आणि लेन्सवर हूड. व्ह्यूफाइंडरसाठी मागे दुसरं भोक पाडू नका, तिथूनच पाणी शिरतं.

हिरण्यकेशीला दुपारी गेलो. महादेवाचं हे ठिकाण गुहेच्या तोंडाशी आहे आणि तिथूनच नदी बाहेर येते. ती पूर्वेला जाऊन घटप्रभेला मिळते, म्हणजे शेवटी कृष्णेतून बंगालच्या उपसागराला. घाटाच्या तोंडाशी कोसळणारं पाणी मात्र अरबी समुद्राकडे जातं. इथल्या कुंडातल्या माशाची २०२० मध्ये शिस्टुरा हिरण्यकेशी या नावाने नवी प्रजाती म्हणून नोंद झाली आणि २०२१ मध्ये राज्य सरकारने ही २.११ हेक्टर जागा जैविक वारसा स्थळ जाहीर केली. मासा बोटभरही नाही, तळाशी दगडांना लगटून असतो. पाण्यात उतरायचं नाही, पाय घालून गढूळही करायचं नाही. काठावरून पोलरायझर फिरवत चकाकी जाईल तो कोन शोधायचा. त्या दिवशी पावसाचे थेंब पाण्यावर सतत पडत होते आणि मासा दिसला तो दोन सरींच्या मधल्या मिनिटभरच. फोटो काही आला नाही. पावसाळ्यापेक्षा हिवाळ्यात पाणी नितळ असतं, ज्यांना हा मासाच टिपायचा आहे त्यांनी तेव्हा यावं.

चारनंतर सड्यावर. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, पावसाळ्यात जागोजागी वीतभर डबकी साचलेलं. आंबोली टोड हा बेडूक इथला. २००९ मध्ये अभ्यासक एस. डी. बिजू, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं: झँथोफ्रायनी टायगरिना, कुशीवरच्या वाघासारख्या पिवळ्या पट्ट्यांवरून. या वंशात (जीनसमध्ये) जगात दोनच प्रजाती आहेत, एक कोयनेची आणि एक ही. पहिल्या सरींना दगडावरच्या उथळ डबक्यात हा अंडी घालतो. डबकं आटायच्या आत पिल्लांना मोठं व्हायचं असतं. म्हणून सड्यावर चालताना नियम एकच: पाण्यात पाय टाकायचा नाही, कितीही उथळ असलं तरी. उघड्या कोरड्या दगडावरून चालायचं, आणि शेवाळ धरलेला जांभा साबणासारखा निसरडा असल्याने गमबुटाचा तळ खाचांचा हवा.

एक टोड मिळाला, अंधार पडता पडता, दगडाच्या कपारीत. इथे मॅक्रो लेन्स काढून ठेवली आणि १६ मिलिमीटरची वाइड लावली. प्राणी लहान असला की आपण त्याच्याकडे वाकून वरून फोटो काढतो आणि तो कुठे राहतो हे फोटोतून निघूनच जातं. कॅमेरा दगडावर टेकवला, लेन्स टोडपासून हातभर, स्क्रीन वर वळवलेली. आकाशात अजून निळा उजेड होता. तो राखायला शटर १/१५ केलं, आयएसओ ८००, एफ/८, आणि टोडवर डिफ्यूझरमधून १/६४ चा हलका फ्लॅश. १/२०० ला हाच फोटो काळ्या पार्श्वभूमीवरचा ठिपका झाला असता, कारण फ्लॅशचा उजेड अंतराच्या वर्गाने घटतो आणि मागच्या पठारापर्यंत पोचतच नाही. १/१५ मुळे मागचा सडा, डबक्यातलं आभाळ आणि उतरतं धुकं, सगळं आलं. ही वेळ रोज पंधरा ते वीस मिनिटं मिळते, त्याआधी सगळी मांडणी तयार हवी.

रात्री रस्त्याकडेच्या एका पाण्याच्या टाक्यावर झुकलेल्या फांदीला मलबारी उडत्या बेडकाचं फेसाचं घरटं सापडलं. मादी पायांनी घुसळून हा फेस करते आणि त्यात अंडी घालते. वरचा थर वाळून कवचासारखा होतो, आत ओल टिकते. हे घरटं जुनं होतं, खालचा भाग पिवळट आणि पातळ झालेला. टॉर्च मागून धरल्यावर आत काळे ठिपके वळवळताना दिसले. वाटाड्या म्हणाला, "एक-दोन दिस." त्या रात्री त्याचा फोटो काढला नाही, फक्त जागा आणि कोन पाहून ठेवले.

दिवस तिसरा, बुधवार

दिवसा काय करायचं हा आंबोलीत नेहमीचा प्रश्न, कारण बहुतेक मंडळी निशाचर. उत्तर घाटरस्त्याच्या कातळात आहे. जिथे पाण्याची पातळ चादर सतत वाहते तिथे चार-पाच मिनिटं नुसतं उभं राहा. कातळाला चिकटलेले तपकिरी टॅडपोल, म्हणजे बेडकाची शेपटीवाली पिल्लं, दिसू लागतात. पाण्यात नाहीत, उभ्या ओल्या दगडावर! बोट दाखवलं तरी टुणकन उडी मारून वीतभर सरकतात. इंडिराना या वंशातल्या बेडकांची पिल्लं अशी अर्धी पाण्यात, अर्धी बाहेर वाढतात. यातली इंडिराना चिरवासी ही प्रजाती आनंद पाध्ये, निखिल मोडक आणि नीलेश दहाणूकर यांनी २०१४ मध्ये आंबोलीतूनच वर्णिली. असा ओला कातळ हेच तिचं घर.

याचा फोटो दिसतो त्याहून अवघड. ओला कातळ आरशासारखा चमकतो. समोरून फ्लॅश मारला तर फक्त पांढरा पट्टा मिळतो. सुटा फ्लॅश कातळाला जवळजवळ टेकवून, बाजूने मारायचा, तेव्हा पाण्याची चादर एका काठाने चमकते आणि टॅडपोलच्या शेपटीची सावली दगडावर पडते. त्या एका सावलीने तो दगडावर उभा आहे हे कळतं. तीस-चाळीस फ्रेम, तीन चांगल्या.

काकूंनी दुपारी टाकळ्याची भाजी आणि सोलकढी केली होती. वीज नव्हती, सकाळपासून. म्हणून नियम: वीज असेल तेव्हा सगळं चार्ज करून ठेवायचं, आणि फ्लॅशसाठी रिचार्जेबल सेलचे निदान तीन संच हवेत. सेल भिजलेल्या बोटांनी बदलू नयेत, खिशात एक कोरडा रुमाल डब्यात घालून ठेवावा.

संध्याकाळी मलबारी चापडा. पिवळसर तपकिरी रंगाचा, फांदीवर, डोकं खाली. या सापात हिरवे, तपकिरी, पिवळे, नारिंगी असे अनेक रंग मिळतात. डोळा आणि नाकपुडीच्या मधला खड्डा उष्णता ओळखतो, त्या जोरावर तो अंधारात भक्ष्याची वाट पाहत एकाच फांदीवर कितीतरी दिवस बसतो. ही त्याची सवय छायाचित्रकारासाठी मोठं दान आहे. घाई करायचं कारणच नाही.

घाई न करण्याचं दुसरं कारण म्हणजे अंतर. १०० मिलिमीटरची मॅक्रो १:१ वर नेली तर लेन्सचं टोक विषयापासून जेमतेम १४-१५ सेंटिमीटरवर येतं. विषारी सापासमोर हे कधीही करू नका. निदान एक मीटर अंतर राखा, सापाचं फक्त डोकं हवं असेल तर ७०-३०० सारखी लांब लेन्स घ्या. फांदी वाकवणं, काडीने डोकं वळवणं, उजव्या बाजूला जागा हवी म्हणून पानं तोडणं, हे सगळं आंबोलीत होतं आणि ते बघून फार वाईट वाटतं. हललेला साप ती जागा सोडतो, आणि त्याची अनेक रात्रींची बैठक आपल्या एका फोटोसाठी मोडते.

एक तास त्याच्यासमोर बसलो. पाऊस जोरात आला तेव्हा सुटा फ्लॅश सापाच्या मागे, डावीकडे, फ्रेमच्या बाहेर ठेवला, पिशवीत बांधून. मागून उजेड आला की पावसाचा प्रत्येक थेंब दिसतो, समोरून आला की दिसत नाही. मागचा १/१६, पुढचा डिफ्यूझरमधून १/३२. थेंबांच्या रेघा हव्या असतील तर शटर १/३० आणि टॉर्चचा सततचा उजेड, थेंब गोठवायचे असतील तर नुसता फ्लॅश. आम्ही दोन्ही काढले. रेघांचा फोटो जास्त खरा वाटतो, तिथे उभं राहिल्यावर पाऊस तसाच दिसतो.

रात्री उशिरा आंबोली बुश फ्रॉग. अंगठ्याएवढा बेडूक, आवाज मात्र सगळ्या झुडपाचा. या बेडकाला टॅडपोलची अवस्थाच नाही, अंड्यातून थेट इवलासा बेडूक बाहेर पडतो. टाक्यावरचा तो फेस आणि हा बुश फ्रॉग, दोघांचं अंतर फर्लांगभर. एक पिल्लांना पाण्यात टाकतो, दुसऱ्याला पाणीच लागत नाही.

आवाजाच्या दिशेने गेलो की तो गप्प होतो. तेव्हा टॉर्च विझवायचा आणि हलायचं नाही. पाच मिनिटं, कधी दहा. पुन्हा सुरू झाला की मंद उजेड बाजूने आणायचा, डोळ्यावर नाही. ऑटोफोकस इथे शोधत बसतो, म्हणून मॅन्युअल करून अंतर ठरवायचं आणि आपणच मिलिमीटरने मागे-पुढे डोलायचं. गळ्याची पिशवी फुगते ती ठरावीक तालात. ताल मनात मोजला की बटण कधी दाबायचं ते समजतं. मागून १/६४ चा छोटा उजेड दिला तेव्हा फुगलेली पिशवी कंदिलासारखी पारदर्शक झाली आणि तिच्यातल्या बारीक शिरा दिसल्या. पाच-सहा फ्रेम झाल्यावर उजेड विझवून निघालो, कारण तो मादीला हाक मारत होता आणि आपण उजेड धरून उभे राहिलो तर ती येणार नाही.

एक सांगायला हवं. बेडूक हातात घेऊ नये. हातावरचं डास पळवणारं मलम, सॅनिटायझर, साबण, सगळं त्याच्या कातडीतून आत जातं. कायट्रिड या बेडकांना मारणाऱ्या बुरशीची पश्चिम घाटातही नोंद आहे, ती चिखलाच्या बुटांवरून एका ओढ्यातून दुसऱ्यात जाऊ शकते. एका ठिकाणाहून दुसरीकडे जाण्याआधी बूट घासून, धुऊन, पूर्ण वाळवावेत. काकूंच्या चुलीची फळी त्यासाठीही उपयोगी पडली.

दिवस चौथा, गुरुवार

परतायचा दिवस. बॅगेतल्या सिलिका जेलचे नारिंगी दाणे हिरवे पडले होते, म्हणजे ओल शोषून भरले होते. काकूंनी लोखंडी तव्यावर मंद आचेवर पंधरा मिनिटं परतून दिले, पुन्हा नारिंगी झाले. हे न करता ओल्या बॅगेत लेन्स घरी नेली तर महिन्याभरात काचेवर बुरशीची जाळी दिसू लागते.

साडेसहाला टाक्यावर. पाऊस थांबून-थांबून येत होता. घरट्याचा तळ रात्रीत पाघळला होता, थेंब लोंबत होता. ट्रायपॉड काठावर, लेन्स १:२ वर, फोकस घरट्याच्या खालच्या कडेवर पक्का करून टेपने चिकटवला. फ्लॅश मागून, पाण्याच्या जरा वर, १/३२ वर. इतक्या कमी शक्तीवर फ्लॅशची चमक सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास असते, त्यामुळे पडता थेंब शटरने नव्हे तर फ्लॅशनेच गोठतो. मागे काळी छत्री उघडून धरली, म्हणजे थेंब उठून दिसेल.

सरीचा जोर वाढला की फेस सैल होतो आणि थेंब सुटतात. तासाभरात थेंब खूप पडले, पिल्लं थोड्यांतच. थेंब फुगून लांबट झाला की दाबायचं. तो सुटल्यावर दाबलं तर उशीर झालेला असतो. एकशे चाळीस फ्रेम झाल्या. त्यातल्या तीनमध्ये थेंब फ्रेममध्ये आहे आणि एकात थेंबाच्या आत आडवं वळलेलं टॅडपोल, डोळ्याचा काळा ठिपका आणि शेपटीची कमान स्पष्ट.

वाटाड्याने स्क्रीनवर ते मोठं करून पाहिलं आणि तसाच काठावर बसून खाली पाण्यात बघत राहिला. तिथे आधी पडलेली पाच-सहा पिल्लं तळाच्या कुजक्या पानांखाली शिरत होती. वर फांदीवर अजून एक थेंब फुगत होता.